गणकराज सेफ मोडांतून कैसे सुटले त्याची हकिकत

श्री. आधीं नमन विद्येच्या देवतेस, मागाहून नमन विजेस, कारण ती गेली म्हणजे विद्येचेंही कांहीं चालत नाहीं. शके एकोणीसशें बत्तीस, विकृतिनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, विजयादशमीचा दिवस, ते दिवशीं या राज्यांत जें जाहलें तें जैसें दिसलें तैसें लिहिलें असे. कोणाची भीड धरिली नाहीं. राजकन्येचा पराक्रम जागोजागीं येतो, तो आपल्या पायांनीं येतो, त्यास लिहिणाराचा निरुपाय आहे.

राज्य म्हणावें तर एक खोली. पुढें रस्ता, मागें स्वयंपाकघर, एका अंगास नळ आणि दुसऱ्या अंगास काकांची मोटरसायकल, इतकी सरहद्द. परंतु त्या खोलींत छापखाना होता, आणि छापखान्यावर राज्य आईसाहेबांचें, नांव मंदाकिनी. राजकन्येचे वडील आबासाहेब मालट्रक घेऊन सदा मुलुखगिरीवर असत, ते दिवाळीस दर्शन देत, मग आईसाहेबांनीं एके वर्षीं मनांत आणिलें कीं आपण नुसती वाट पाहत बसावयाचें नाहीं, आणि तालुक्यास जाऊन टायपिंग शिकल्या, आणि एक जुना संगणक व त्याजबरोबर एक प्रिंटर घेऊन आल्या, आणि लोकांचे अर्ज, पावत्या, हळदीकुंकवाच्या चिठ्ठ्या छापूं लागल्या. त्या संगणकास राज्यांत गणकराज म्हणत. वयानें थोर, अंगानें जाड, आणि चालू होतांना ऐसे घरघरत कीं शेजारची मांजर उठून जाई. परंतु काम चोख. राजकन्या केतकी, इयत्ता नववी, शाळेंत संगणकाच्या तासाला पहिल्या बाकावर बसे, आणि सरांनीं प्रश्न विचारला कीं हात वर करी, कधीं कधीं प्रश्न पुरा होण्याआधींच. पण घरीं गणकराजांस स्पर्श करण्याची सनद तिजला नव्हती. "हात लावशील तर बघ," एवढाच तो कायदा, आणि तो काढणारे विश्रामकाका, आबासाहेबांचे धाकटे बंधू. छापखान्याची खोली काकांच्या वाटणीची होती, त्यामुळें राज्याच्या हरएक गोष्टींत त्यांचा शब्द असे, आणि तो मोठ्यानें असे. मनुष्य वाईट नव्हे. फक्त आधीं बोलत आणि मग बघत, इतकेंच.

ऐशा या राज्यास पहिली मोठी कामगिरी चालून आली. गांवांतले दामोदरराव, ज्यांच्या शब्दावर चार घरें चालत, त्यांची कन्या पद्मिनी इचें लग्न ठरलें, आणि पत्रिका छापावयाची मसलत घेऊन ते स्वतः छापखान्यांत आले. त्यांच्या घराण्याची चाल ऐशी कीं पहिली पत्रिका गडावरच्या देवीस द्यावयाची, आणि ती दसऱ्यासच द्यावयाची, मग बाकीचीं आमंत्रणें. आईसाहेबांनीं ती पत्रिका बसून बसून जुळविली, वर गणपति, दोहों बाजूंस केळीचे खांब, मध्यें सोनेरी महिरप, आणि अगदीं तळाशीं बारीक अक्षरांत "छपाई :" इतकें टंकून पुढें जागा मोकळी सोडिली. कां मोकळी, तर तेथें नांव कोणाचें घालावें यावरून दरबारांत कलह जाहला. काका म्हणाले, "वहिनी, तिथं 'विश्राम बंधू' घाला. नावात वजन पाहिजे." आईसाहेब म्हणाल्या, "बंधू कुठले? इथं बसते तर मी एकटी." "अहो, म्हणायला हो." मग दामोदररावांनीं चहाची बशी खालीं ठेविली आणि निवाडा दिला कीं, "तुमचं काय ते घरात ठरवा. पहिली पत्रिका कशी निघते ते मी बघणार. नीट निघाली तर सगळ्या इथंच छापू, आणि नावही घाला. नाहीच निघाली तर नाव हवंय कशाला, आं?" आणि ते गेले, आणि आईसाहेब त्या मोकळ्या जागेकडे कांहीं वेळ पाहत राहिल्या. राजकन्येनें तें पाहिलें, आणि ध्यानांत ठेविलें.

मग खंडेनवमी आली. घरोघर कोयते, पाने, शिवणयंत्रें यांची पूजा जाहली, आणि या राज्याचें शस्त्र तें कोणतें, तर गणकराज, म्हणून त्यांस झेंडूचा हार, प्रिंटरास लहान हार, पडद्यावर कुंकवाचें बोट, कळफलकावर अक्षता, ऐसा थाट केला, आणि काकांनीं नारळ फोडिला, एका घावांत, ती कीर्ति ते रात्रीच्या जेवणापर्यंत स्वमुखें गात होते. ते दिवशीं गणकराजांस विश्रांति, कोणी चालू करावयाचें नाहीं. दुसरे दिवशीं दसरा. दुपारचें श्रीखंड आटोपून दामोदरराव नवी टोपी घालून, हातांत आपट्याच्या पानांची डहाळी घेऊन आले आणि बाकावर बसून म्हणाले, "काढा पत्रिका. चारची एसटी धरायचीय. वर गडाला हीच शेवटची गाडी." आईसाहेबांनीं पदर खोंचिला, हार बाजूस केला, आणि बटण दाबिलें.

तों गणकराज ओरडले. टूं टूं टूं टूं, थांबेचनात. काका हर्षून बोलते जाहले, "बघा, सणाचा दिवस त्यालाही कळतो! सनई वाजवतोय." परंतु पडदा काळा जाहला आणि काळ्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळींची एक यादी उभी राहिली, जी या राज्यांत कोणी कधीं पाहिली नव्हती. आईसाहेबांनीं बाणाची कळ दाबिली, ती मानेना. दुसरी दाबिली, तीही मानेना. काका म्हणाले, "पहिली ओळ मानाची असते. दाबा एंटर." एंटर तेवढी मानली, आणि गणकराज उठले, पण काय ती दशा! पडद्यावरचें नेहमींचें गुलाबाचें चित्र गेलें, सारा पडदा काळा, चित्रखुणा थाळीएवढ्या मोठ्या, अक्षरें सुजलेलीं, आणि चारी कोपऱ्यांत लिहिलें होतें, सेफ मोड. "सेफ म्हणतोय ना? मग झालं तर," काका म्हणाले. आईसाहेबांनीं पत्रिका उघडिली, ती होती, देवाची कृपा, मग छापण्याचा हुकूम केला, तर प्रिंटर म्हणून कोणी या राज्यांत आहे हेंच गणकराज ओळखेनात. पुन्हां हुकूम केला. पुन्हां तेंच. दामोदरराव घड्याळाकडे पाहूं लागले.

मग काकांनीं तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यास दूरध्वनि लाविला आणि सर्वांनीं ऐकावें म्हणून स्पीकर चालू केला. तो इसम पलीकडून जेवतां जेवतां म्हणाला, "सेफ मोडमध्ये गेला? दसरा झाला की घेऊन या. फॉरमॅट मारू, नव्यासारखा होईल." आईसाहेबांनीं विचारिलें, "आणि आतलं?" "आतलं जाईल सगळं. पण मशीन मस्त चालेल." आईसाहेब मटकन खुर्चींत बसल्या. आंत म्हणजे काय होतें, तर पत्रिका होती, महिरप होती, आईसाहेबांनीं शिकलेली सारी विद्या होती. दामोदरराव डहाळी उचलून उठते जाहले आणि शांतपणें म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. तालुक्याला गाडी थांबते अर्धा तास. तिथला छापखाना आजही उघडा असतो. साधी का होईना, काढून घेतो." काकाही म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो, हे बायकांचं काम..." आणि वाक्य अर्धेंच राहिलें, कारण राजकन्या केतकी दारांतून पुढें आली, दसऱ्याचा परकर-पोलका अंगावर, वेणींत शेवंती, आणि म्हणाली, "मला बसू दे."

काका म्हणाले, "तू? अगं, मोठमोठ्यांना कळेना." राजकन्या म्हणाली, "मोठमोठ्यांना कोणी शिकवलं नाहीये, काका. आम्हाला शिकवलंय." हें बोलणें कांहींसें आगाऊ जाहलें, यांत शंका नाहीं, परंतु खोटें नव्हतें. मग काकांनीं आईसाहेबांकडे पाहिलें, दामोदररावांनीं आईसाहेबांकडे पाहिलें, आणि आईसाहेब खुर्चींतून उठल्या आणि एकच शब्द बोलल्या, "बस." ऐशी ती सनद मिळाली. कागद नाहीं, शिक्का नाहीं, परंतु राजकन्येच्या छातींत असा ढोल वाजूं लागला कीं गणकराजांची सनई त्यापुढें कांहींच नव्हे.

मग राजकन्येनें दरबारास समजावून सांगितलें कीं, "हा बिघडला नाहीये. हा पथ्यावर आहे. आजारी माणसाला कसं पेज आणि मीठ, बाकी सगळं बंद? तसं ह्याला काही दुखतंय असं वाटलं की हा लागेल तेवढंच चालू ठेवतो. बाकीचे सगळे रजेवर. प्रिंटर पण रजेवर." दामोदरराव परत बाकावर टेंकले आणि म्हणाले, "मग दुखतंय काय त्याला?" राजकन्या म्हणाली, "तेच बघू." आणि सरांची शिकवण ऐशी कीं पथ्यावरचा संगणक रीतसर बंद करून पुन्हां चालू करावा, बहुधा तो आपणहून उठून चालूं लागतो. राजकन्येनें तैसें केलें, मोठ्या ऐटींत केलें, आणि गणकराज पुन्हां ओरडले, टूं टूं टूं, आणि पुन्हां तीच काळी यादी, आणि बाण मानेनात. "झालं समाधान?" काका म्हणाले. "ऊठ आता." येथें दुसरी कोणी असती तर उठली असती. गेल्या वर्षींची केतकीही उठली असती, रडलीही असती. परंतु ही केतकी उठली नाहीं. म्हणाली, "काका, गप्प बसा ना जरा. मला ऐकू द्या." आणि तिनें कान देऊन ती टूं टूं ऐकिली, आणि तिजला आठवलें कीं शाळेंत एकदां कांचन नांवाची मैत्रीण तासाला कळफलकावर डोकें टेंकून निजली होती, तेव्हां वर्गांतला संगणक हुबेहूब ऐसाच ओरडला होता, आणि सर म्हणाले होते, "अगं, त्याच्या कळा दाबल्या गेल्यात, तो तुझी तक्रार करतोय."

मग राजकन्या ताडकन म्हणाली, "कोणीतरी कळ दाबून धरलीय." आईसाहेब म्हणाल्या, "कोण धरील? आम्ही सगळे इथं उभे." "आणि ही यादी पण कोणी हाक मारल्याशिवाय येत नाही. चालू होताना वरच्या रांगेतली एफ-आठ दाबली तरच येते. सरांनी दाखवलंय." मग ती कळफलकावर वांकली, अक्षता फुंकून बाजूस केल्या, तों काय दिसलें? मुंग्यांची एक पलटण टेबलाच्या कोपऱ्याकडून शिस्तीनें येत होती, वरच्या रांगेंत शिरत होती, आणि दुसरीकडून बाणांच्या कळांमधून बाहेर पडत होती. एफ-आठ ही कळ इतरांहून खालीं बसलेली, जागची वर येईना. राजकन्येनें तीवर बोट लाविलें, तें चिकटलें. वास घेतला. जिभेस लाविलें नाहीं, परंतु मनांत आलें होतें. मग मान वर करून अत्यंत नम्रतेनें विचारती जाहली, "काका, काल नारळ कुठं फोडलात?"

काका छाती काढून म्हणाले, "इथंच! ह्याच टेबलाच्या कोपऱ्यावर. एका घावात! दामोदरराव, विचारा वहिनींना. आवाज नळापर्यंत गेला."

"हो, पण पाणी?"

"पाणी काय?"

"नारळातलं पाणी. ते कुठं गेलं?"

काकांनीं कोपऱ्याकडे पाहिलें. मग मुंग्यांकडे पाहिलें. मुंग्या कोठून कोठवर जातात हें नजरेनें पुरें चालून आले, आणि त्यांचा आवाज, जो राज्यांत आजवर कधीं लहान जाहला नव्हता, तो लहान जाहला. म्हणाले, "तांब्या धरायचा राहिला खरा." दामोदररावांनीं डहाळी तोंडापुढें धरिली. आईसाहेब भिंतीकडे वळल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते, तें रडणें नव्हे. राजकन्येनें मात्र मोठेपणा दाखविला, एक अक्षर टोंचून बोलली नाहीं. (बोलावेंसें फार वाटलें.) नुसतें म्हणाली, "गणकराजांची काही चूक नाही, आईची तर नाहीच. चला, सोडवू या."

मग तिनें गणकराजांस बंद केलें, आणि मागें हात घालून कळफलकाची दोरी उपसून काढिली. काका धांवले, "अगं, त्याचे हातच तोडतेस काय!" राजकन्या म्हणाली, "हातच दुखतायत ना त्याचे," आणि कळफलक उचलून बाकाखालीं ठेविला, तेथें मुंग्यांची पलटणही मुक्कामास गेली. मग बटण दाबिलें. गणकराज घरघरले. टूं टूं नाहीं. यादी नाहीं. क्षणभर नुसता काळोख, आणि मग, काय सांगावें, पडद्यावर तो गुलाब उमलला, तोच टपोरा, तांबडा, खुणा लहान जाहल्या, अक्षरांची सूज उतरली, चारी कोपरे मोकळे जाहले, आणि चालू होतांनाचें तें लहानसें गाणें वाजलें, आणि कोपऱ्यांत प्रिंटर खाकरून जागा जाहला. शेजारची मांजर उठून गेली! आईसाहेबांनीं राजकन्येच्या डोक्यावर हात ठेविला, तो शेवंतीवरच पडला, फूल चुरगळलें, परंतु राजकन्येनें तें फूल तैसेंच वेणींत राहूं दिलें.

दामोदरराव म्हणाले, "काढ पोरी, काढ लवकर." काका तर आधींच दारांत जाऊन रस्त्यावर एसटी दिसते कां तें पाहत होते. पत्रिका उघडिली, आणि राजकन्येची नजर तळाशीं गेली, जेथें "छपाई :" आणि पुढें मोकळी जागा. आईसाहेब हलकेंच म्हणाल्या, "राहू दे ग. तशीच काढ. कळा कुठायत आता लिहायला?" गोष्ट खरी होती. कळफलक बाकाखालीं, हातीं केवळ माउस, आणि माउसानें कोणी नांव लिहीत नाहीं. पण राजकन्येनें पत्रिका वरून खालीं एकवार पाहिली, आणि हंसली, आणि कामास लागली. वर "मंगल कार्यालय" होतें, त्यांतला "मं" उचलिला. वधूपिते दामोदरराव, त्यांचा "दा" घेतला. व्याही किसनराव, त्यांचा "कि" घेतला. वधू पद्मिनी, तिजकडून "नी" मागून घेतला. एकेकाची नक्कल करून तळाशीं आणिली, ओळींत बसविली, आणि आकारानें बारीक केली, आणि तेथें नांव उभें राहिलें, मंदाकिनी. मग छापण्याचा हुकूम केला, आणि प्रिंटरानें जाड कागद आंत ओढिला, आणि सोनेरी महिरपीसकट पत्रिका बाहेर ठेविली, गरम गरम.

दामोदररावांनीं चष्मा लावून वाचिली. गणपति वाचिला, कुलदैवत वाचिलें, आपलें नांव दोनदां वाचिलें, मुहूर्त बोटावर मोजून पाहिला, आणि तळाशीं येऊन थांबले. "हे कोणी घातलं?" आईसाहेबांचा चेहरा उतरला. राजकन्या म्हणाली, "मी. तुम्हीच म्हणालात ना, नीट निघाली तर नाव घाला? आणि दामोदरकाका, त्यातला 'दा' तुमचाच आहे. परत हवा असेल तर काढते." त्यांनीं त्या 'दा'वर बोट ठेविलें, तों बाहेर एसटीचा भोंगा ऐकूं येऊं लागला, मग टोपी सारखी करून म्हणाले, "राहू दे. दिला." काकांनीं पत्रिकेंत डोकावून विचारिलें, "आणि माझं? 'विश्राम' कुठाय?" राजकन्या म्हणाली, "शोधलं हो काका. सगळ्या पत्रिकेत 'श्रा' कुठंच सापडला नाही." आणि काका कांहीं बोलावयास तोंड उघडते जाहले, तों बाकाखालीं मुंग्या दिसल्या, आणि मिटते जाहले. मग तेच दामोदररावांस मोटरसायकलवर मागें बसवून थांब्यावर घेऊन गेले, आणि गाडी धरून दिली, हें त्यांच्याही नांवावर लिहिलें पाहिजे.

दुसरे दिवशीं दामोदरराव गडावरून प्रसाद घेऊन आले, आणि बाकीच्या पत्रिका येथेंच छापावयाचा हुकूम दिला, आणि एक बातमी सांगितली, जी कोणी विचारिली नव्हती. देवीपुढें गर्दी फार होती, पुजाऱ्यानें घाईंत पत्रिका उलटी, गणपति खालीं आणि तळाची ओळ वर, ऐशी उभी ठेविली, आणि ती तैशीच राहिली.

एवंच गणकराज कैदेंतून सुटले, अद्याप राज्य करीत आहेत, कळफलक नवा आला आहे, नारळ यापुढें उंबऱ्याबाहेर फुटेल आणि तांब्या आधीं धरिला जाईल ऐसें दरबारीं ठरलें, व राजकन्येस हात लावण्याची सनद कायम जाहली. आणि दसऱ्याचे दिवशीं देवीनें गणपति, महिरप, मुहूर्त आणि थोर थोर मंडळी या सर्वांच्या आधीं जें नांव वाचिलें, तें आमच्या आईसाहेबांचें.